मदत हवी आहे: रामकाठी बाभळीचं आजचं वैध नाव

कॉलेजच्या आवारातल्या झाडांच्या पाट्या करतोय. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसने 2005 मध्ये अकेशियासाठी ऑस्ट्रेलियन टाइप (ज्या जातीशी प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ती) मान्य केला, 2011 ला मेलबर्नमध्ये तो कायम राहिला, म्हणजे अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन गटाकडे गेलं. म्हणून बाभूळ आता वॅचेलिया निलोटिका, खैर सेनेगालिया कॅटेचू. इथवर पटलंय, या दोन्ही नावांचे कर्तेही (ती नावं प्रसिद्ध करणारे) आयपीएनआय या वनस्पतिनावांच्या आंतरराष्ट्रीय सूचीवर पाहिलेत.

अडलंय ते सरळसोट रामकाठीपाशी. जुन्या फ्लोरांत (प्रदेशवार वनस्पतींची माहिती देणाऱ्या ग्रंथांत) ती अकेशिया निलोटिकाची क्युप्रेसिफॉर्मिस ही उपजाती. पण जातीची प्रजाती (जीनस) बदलली म्हणून उपजातीचं नाव आपोआप बदलत नाही, नव्या प्रजातीखालचं ते संयोजन (नावांची जोडणी) स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हावं लागतं. ओळखीबद्दल शंका नाही, आणि नुसतं जातीपर्यंतचं नाव नकोय; या झाडाचं वेगळेपण पाटीवर यायलाच हवं.

वॅचेलियाखाली क्युप्रेसिफॉर्मिस हे संयोजन नियमानुसार प्रसिद्ध झालंय का? कोणी, कुठे?