स्पॅनिश दोन वर्षांत गुंडाळायचं की बारावीपर्यंत न्यायचं?

रानजाई (धागा सुरू करणारी)
काल कॉलेज प्रवेशाच्या चर्चेत कडूलिंब यांनी लिहिलं: "हायस्कूलला स्पॅनिश दोन वर्षं करा आणि मोकळे व्हा. अकरावी-बारावीत एपी स्पॅनिश घेणं म्हणजे फिजिक्सची जागा टाकोला देणं. आता फोनच भाषांतर करतो." त्याला वीसेक अंगठे मिळाले. रात्री झोप आली नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

एपी म्हणजे इथे अमेरिकेत हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय; शेवटी कॉलेज बोर्ड ही संस्था परीक्षा घेते, १ ते ५ गुण देते, आणि चांगले गुण मिळाले तर कॉलेजात क्रेडिट मिळतं, म्हणजे तो विषय झाला असं धरतात. माझ्या मुलीने २०२३ च्या मे महिन्यात एपी स्पॅनिशची परीक्षा दिली. लेख वाचायचा, तक्ता बघायचा, ध्वनिफीत ऐकायची आणि तिन्हींचा आधार घेऊन स्वतःचं मत मांडणारा निबंध लिहायचा. पुढे संभाषण. समोरून रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो, आपण वीस सेकंदांत उत्तर द्यायचं, असं पाच वेळा. शेवटी सांस्कृतिक तुलना: चार मिनिटं तयारी, दोन मिनिटं सलग बोलणं, आपला समाज आणि एखादा स्पॅनिशभाषक समाज यांच्याबद्दल. यात टाको कुठे आला?

तुलनेच्या सरावासाठी तिने दक्षिण अमेरिकेतला पॅराग्वे निवडला. तिथे स्पॅनिशच्या बरोबरीने ग्वारानी ही तिथली मूळची भाषा बोलतात, १९९२ च्या राज्यघटनेने दोन्ही भाषा अधिकृत केल्या. बाजारात, घरात, भांडणात ग्वारानी; कचेरीत बहुतेक स्पॅनिश. हे वाचून पोरगी मला विचारायला लागली, आपण मराठी कुठे कुठे बोलतो, आजोबा कोर्टात कुठली भाषा बोलायचे, तू ऑफिसातून फोन आला की आवाज का बदलतेस. सतरा वर्षांत तिने मराठीबद्दल एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. दोन वर्षांवर थांबली असती तर रंगांची नावं आणि क्रियापदांचे तक्ते यापलीकडे गेली नसती. खरा अभ्यास तिसऱ्या वर्षानंतर सुरू होतो, आणि तुम्ही नेमकं तिथेच थांबायला सांगता.

कडूलिंब
माझं वाक्य अर्धंच उचललंत. ज्यांना इंजिनियरिंगला जायचंय त्यांच्याबद्दल मी लिहिलं होतं.

आता आमची गोष्ट ऐका. मुलाच्या शाळेत चौथ्या वर्षाला अर्धं वर्ष शिक्षकच नव्हते. बदली शिक्षक येऊन सिनेमा लावायचे. संस्कृती म्हणजे पिन्याता, ती खाऊ भरलेली कागदी बाहुली, फोडणं. सिंको दे मायो हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असं फळ्यावर लिहिलेलं, मुलाने फोटो आणून दाखवला. तो १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस, स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. परीक्षेत २ मिळाले. क्रेडिट शून्य, आणि या वर्गासाठी त्याने एपी फिजिक्स सोडलं होतं ते वेगळंच. तुमच्या मुलीला चांगली बाई मिळाली म्हणून सगळ्यांना सल्ला देऊ नका.

निशिगंध
मी ह्यूस्टनला नर्स आहे. "फोनच भाषांतर करतो" हे वाचून डोकं फिरलं.

एक आजी छातीत दुखतंय म्हणून आल्या. सोबत अकरा वर्षांचा नातू. दुभाष्याची लाइन लागेपर्यंत तोच सांगत होता. मुलांकडून हे काम करून घेऊ नये असा नियम आहे, पण त्या दहा मिनिटांत आजी बोलतच होत्या आणि तो घाबरून अर्धं गाळत होता. मला कळत होतं, कारण मी चाळिशीनंतर रात्रीच्या वर्गांना जाऊन स्पॅनिश शिकलेय. डावा हात जड झालाय हे त्यांनी दोनदा सांगितलं, पोराने एकदाही सांगितलं नाही. या देशात चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात. तुमचा मुलगा इंजिनियर झाला तरी त्याच्या साइटवर, कारखान्यात, शेजारी हीच माणसं असणार ना?

पाटीदप्तर
सगळं मान्य, पण त्या वर्गात अर्धी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी असतात. त्यांना ५ आंदण. आपली पोरं रात्र-रात्र जागून ४ वर अडकतात. हा अन्याय कोणी बोलत नाही.

रानजाई
@पाटीदप्तर, घरी स्पॅनिश न बोलणाऱ्या मुलांचे निकाल कॉलेज बोर्ड वेगळेही दाखवतं. आणि आंदण कसलं? घरी बोलणाऱ्या मुलांना औपचारिक ईमेलमध्ये 'उस्तेद', म्हणजे आदराचं 'आपण', सांभाळताना घाम फुटतो, स्वरांवरची चिन्हं चुकतात. तुमची मुलं घरी मराठी बोलत असतील, तर त्यांना मराठीत मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला सांगून बघा.

जुनी वही
बरं झालं ताई, तुम्हीच तो विषय काढलात. मराठीत अर्ज लिहिणारं एक पोर दाखवा! स्पॅनिशसाठी शिकवणी, ॲप, उन्हाळ्यात कोस्टा रिकाची ट्रिप. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं बारा वर्षांची झाली की वर्ग रिकामा. मी तिथे शिकवते, मला माहीत आहे. आया सांगतात, "आता त्याला स्पॅनिशचा अभ्यास असतो हो." सांगलीतली आजी फोनवर "जेवलास का" विचारते आणि पोरगा "हं" म्हणून फोन आईकडे देतो. परक्या आजीच्या छातीतलं दुखणं कळावं म्हणून चार वर्षं, आणि स्वतःच्या आजीसाठी रविवारचे दोन तास नाहीत?

निशिगंध
परकी आजी? ती माझी पेशंट होती. हा शब्द मागे घ्या.

जुनी वही
शब्द मागे घेते. मुद्दा घेणार नाही.

कडूलिंब
जुनी वही बरोबर बोलताहेत. वेळ तेवढाच आहे. दोन्ही होत नाही.

रानजाई
का होत नाही? मी वर काय लिहिलं ते कोणी वाचलंच नाही का? आमच्याकडे स्पॅनिशमुळे मराठी परत आली. आणि मराठीमुळे स्पॅनिश सोपी गेली. इंग्रजी बोलणारी मुलं निर्जीव वस्तूला लिंग कसं म्हणून अडतात, आपल्या पोरांना तीन लिंगांची सवय. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', त्याची रचना बाकीच्या वर्गाला आठवडाभर कळेना. हिला पहिल्या दिवशी कळली, कारण आपणही 'मला आंबा आवडतो' असंच म्हणतो. स्पॅनिश त आणि द तर थेट आपले दंत्य.

जुनी वही
तुमच्या घरी मराठी होती म्हणून परत आली. ज्यांच्या घरी तुम्हीच मुलांशी इंग्रजीत बोलता, तिथे काय परत येणार? मी तुम्हाला एकट्यांना म्हणत नाही, पण या धाग्यावर लिहिणाऱ्यांपैकी किती जण मुलांना मराठीत रागावतात ते मनाशी विचारा.

पाटीदप्तर
रागावतो मराठीतच. बाकी इंग्रजीत. दोघे नोकरी करतो, संध्याकाळी सातला घरी येतो, त्यात मुलाने इंग्रजीत विचारलेल्याचं मराठीत उत्तर द्यायला ताकद उरत नाही. आम्हाला गुन्हेगार ठरवू नका.

वर्ध्याचा
एक नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. पांडुरंग खानखोजे. आमच्या वर्ध्याचे, परदेशातून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गदर चळवळीतले. १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवायला लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. मेक्सिकोचा मोठा चित्रकार दिएगो रिवेरा, त्याने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. शेतकऱ्याला मका शिकवायचा तर त्याच्याच भाषेत शिकवावा लागतो. त्यांना फिजिक्स की स्पॅनिश असा प्रश्न पडला नव्हता, शेतीशास्त्र आणि स्पॅनिश दोन्ही लागलं. माझी मुलगी सांस्कृतिक तुलनेत यांच्यावरच बोलणार आहे, मी तिला तसं सांगितलंय.

निशिगंध
पण मुलीला ते बोलायचंय का, हे विचारलंत?

वर्ध्याचा
विचारतो.

कडूलिंब
खानखोजे मोठेच. पण त्यांना कॉलेजच्या अर्जात जागा मोजावी लागली नव्हती. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला परकी भाषा दोन वर्षं लागते. दोन म्हणजे दोन.

रानजाई
दोन लागतात, तीनची शिफारस असते, तेही त्याच ओळीत लिहिलेलं आहे. एपीला ३ मिळाले तरी तिथे क्रेडिट मिळतं. तुमच्या मुलाला शिक्षकच दिले नाहीत, त्याचा राग शाळेवर काढा, पालकसभेत उभे राहा. मी येते तुमच्याबरोबर सही करायला. पण ज्या मुलांना शिकवायला शिक्षक आहेत त्यांना मागे खेचू नका.

कडूलिंब
सही कराच. धाकटी नववीत आहे, दुसऱ्या वर्षाला. तिला तिसरं घेऊ देतो, कारण तिला स्वतःला हवंय, या धाग्यामुळे नाही. चौथ्याच्या वेळी त्या वर्गाला शिक्षक आहे का ते आधी बघणार. आणि फिजिक्स सुटणार नाही.

जुनी वही
आणि रविवार?

कडूलिंब
रविवारी तिचं पोहणं असतं.

जुनी वही
वर्ग दुपारी दोनला असतो. पोहणं सकाळी संपतं, तुमच्याच मंडळातल्या मुली येतात तशाच ओल्या केसांनी.