स्यात् म्हणजे ‘कदाचित’ नव्हे

मृण्मय: ‘अनेकांतवाद म्हणजे ज्याचं त्याचं खरं, जैन दर्शन कशावरच ठाम नाही,’ असं कालच्या धाग्यात ठोकून दिलंय. अनेकांत म्हणजे एकाच वस्तूला अनेक धर्म (गुण, बाजू) असतात, एवढंच. वर हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट. अहो, पाय चाचपणारा ‘हत्ती खांबच आहे’ म्हणतो, त्यातला ‘च’ चुकीचा आहे! तो दुर्नय, बाकीच्या बाजू नाकारणारी दृष्टी. ‘च’ काढला की नय, म्हणजे एका बाजूने पाहणं; ‘स्यात्’ लावलं की प्रमाण, म्हणजे पूर्ण वस्तूचं ज्ञान. आणि स्यात् म्हणजे शंका नव्हे. कथंचित्, ठरावीक अपेक्षेने. स्याद्वादमंजरी या जैन ग्रंथातला घडा घ्या. द्रव्याने मातीचा, क्षेत्राने पाटलीपुत्रातला, काळाने शिशिरातला, भावाने काळा. या अपेक्षांनी तो आहेच. पाण्याचा, कान्यकुब्जातला, वसंतातला, तांबडा म्हणून नाहीच. यात ‘कदाचित’ कुठे आलं?

तर्कनिष्ठ: वेदान्ताचं ब्रह्मसूत्र २.२.३३, ‘नैकस्मिन्नसंभवात्’. एकाच वस्तूत ‘आहे’ आणि ‘नाही’ एकदम नांदत नाहीत. सात भंगांची (‘स्यात्’ लावून केलेल्या सात प्रकारच्या विधानांची) खोगीरभरती करून हा दोष झाकत नाही. आणि सगळंच सापेक्ष, तर अनेकांत तरी निरपेक्ष कसा?

मृण्मय: एकाच अपेक्षेने आहे-नाही असं म्हटलंय कुणी? अनेकांतही अनेकांतच, हे जैन आचार्य समंतभद्रांनी स्वयंभूस्तोत्रात सांगून टाकलंय: प्रमाणाने अनेकांत, विवक्षित नयाने एकांत (एकच बाजू). आणि खोगीरभरती कसली? अस्ति (आहे), नास्ति (नाही), अवक्तव्य (शब्दात सांगता न येणारं) हे तीन. त्यांच्या जोड्या तीन. तिन्ही मिळून एक. आठवा करून दाखवा.

शब्दवेध: मृण्मय, तुमच्या ‘च’ने घात केलाय. भंग ‘स्यादस्त्येव’ (स्यात् + अस्ति + एव) असा आहे. एव म्हणजेच च. तो काढलात की विधान ढिलं पडतं, आणि ‘ठाम नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती तुम्हीच कोलीत देता.

मृण्मय: जैन आचार्य हेमचंद्र वाचा आधी! दुर्नय, नय, प्रमाण यांची रूपं अनुक्रमे ‘सदेव (आहेच), सत् (आहे), स्यात्सत्’. एव तिथे दुर्नयाकडे आहे.

शब्दवेध: चिडून उपयोग नाही. तिथला एव स्यात्‌विना आहे, म्हणून तो वस्तूचे बाकीचे धर्म हाकलून देतो. स्यात्‌सोबतचा एव त्या अपेक्षेपुरता निर्णय पक्का करतो. घड्याबद्दल ‘आहेच’, ‘नाहीच’ तुम्हीच लिहिलंय.

मृण्मय: बरं. स्यात् नसलेला ‘च’ चुकीचा, एवढी दुरुस्ती घेतो. बाकीचं सोडत नाही.

तर्कनिष्ठ: शंका नाही, हे मानलं. पण तिसरा (अस्ति-नास्ति) आणि चौथा (अवक्तव्य) भंग वेगळे कशाला? दोन्हीकडे आहे-नाहीच.

शब्दवेध: तिसऱ्यात क्रमाने, चौथ्यात युगपत्, म्हणजे एकदम. मातीचा म्हणून आहे, पाण्याचा म्हणून नाही, हे एकापाठोपाठ बोलता येतं. दोन्ही एकाच वेळी, सारख्याच प्राधान्याने सांगणारा एक शब्द द्या.

तर्कनिष्ठ: सदसत्.

शब्दवेध: तो समास. सत् आधी, असत् नंतर, क्रम आलाच.