ठाण्यातल्या बंद टॉकीजचा इतिहास: कागद कुठे शोधायचे?

कोपरीकर:
वंदना टॉकीज गेली, एसटी स्टँडला नाव तेवढं राहिलं. ठाण्यातल्या अशा एकपडदा थिएटरांची नीट नोंद करायची आहे. ऐकीव माहितीत एकाच टॉकीजची तीन-तीन सालं मिळतात. भरवशाचे कागद कोणते? इमारत उभी असेल तर आत काय बघायचं?

दप्तरखाना:
साल कशाचं हवंय ते आधी ठरवा. बांधकाम परवानगी, सिनेमा परवाना आणि पहिला खेळ यांत सहज वर्ष-दोन वर्षं जातात. तुमची तिन्ही सालं खरी असू शकतील.

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. तिच्यावर सि.टी.एस. क्रमांक (जागेचा नगर भूमापन क्रमांक), धारक आणि फेरफार सापडतात. टॉकीजचं नाव बहुधा नसतं. तो क्रमांक देऊन महापालिकेच्या मालमत्ता कर विभागात जुनी आकारणी नोंदवही मागा. ठाणे महापालिका १९८२ची. त्याआधीचं दप्तर नगरपालिकेचं, तेव्हा अर्जात 'पूर्वीची ठाणे नगरपालिका' असं लिहाच, नाहीतर 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर ठरलेलं.

परवान्यासाठी १९५३चा सिनेमा नियमन कायदा आणि १९६६चे नियम बघा. नोंदी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. थेट फाईल मागू नका. सरकारी दप्तराच्या वर्गवारीतले 'ब' वर्गाचे कागद ३० वर्षांनी नष्ट करतात, ती उरलेली नसेल. आधी परवाना नोंदवही मागा. फाईल नष्ट झाली म्हणाले तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत.

जुनी_पानं:
पहिल्या खेळाची तारीख वर्तमानपत्रांतच सापडेल. लोकसत्ता १९४८पासून, म.टा. १९६२पासून. त्याआधीचं आणि स्थानिक काही हवं असेल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) विचारा. शुक्रवारपासून सुरुवात करा, नवे सिनेमे तेव्हाच लागायचे. 'शुभारंभ' थिएटरचा की सिनेमाचा, ते नीट वाचा. पहिला सिनेमा कुठला हे कळलं म्हणून त्याच्या प्रदर्शनाचं साल थिएटरला लावू नका; जुन्या सिनेमाने उद्घाटन करणं काही नवलाचं नव्हतं. आणि शेवटची जाहिरात म्हणजे शेवटचा खेळ नव्हे. धंदा बसला की जाहिरातीचा खर्च आधी कापला जातो, मग नुसत्या पोस्टरवर खेळ चालतात.

कार्बन_आर्क:
आत गेलात तर खरा माल प्रोजेक्शन खोलीत. समोरच्या भिंतीतल्या चौकोनी झरोक्यांचे फोटो घ्या. प्रत्येक मशीनला दोन: एक झोताचा, एक ऑपरेटरला बघायला. चार म्हणजे दोन मशीनं. पाचवा असला तर तो बहुतेक स्लाइड दाखवायच्या यंत्राचा. दोन मशीनं लागायची कारण २००० फुटी रीळ मिनिटाला ९० फूट या वेगाने २२ मिनिटांत संपतं. पहिल्याचा शेवट आला की दुसरं सुरू करून झोत बदलायचा.

मशीनला उजेड आधी जळत्या कार्बन दांड्यांचा असायचा, नंतर झेनॉन गॅसच्या दिव्याचा. छतातलं धुराडं बघून लगेच 'कार्बनचा जमाना' लिहू नका, झेनॉनलाही गरम हवा बाहेर काढावी लागते. कार्बनची खूण लॅम्पहाऊसच्या (मशीनमागच्या दिव्याच्या पेटीच्या) आत असते: समोरासमोर दोन दांड्यांचे चिमटे आणि मागे अंतर्वक्र आरसा. झरोक्यांवरच्या लोखंडी झडपाही तशाच फसव्या. त्या नायट्रेट फिल्म पेट घ्यायची म्हणून आल्या, पण नायट्रेट १९५०च्या दशकात मागे पडल्यावरही बसवल्या जात होत्या.

मशीनवरच्या पट्टीवरून मेक आणि अनुक्रमांक उतरवा, पण ते साल थिएटरचं समजू नका. मशीनं एका टॉकीजमधून दुसरीत विकली जायची.

पडदा कधी रुंद केला हे मंचाच्या चौकटीवरून कळतं. हिंदीत सिनेमास्कोप (जास्त रुंद चित्राचा सिनेमा) १९५९ला आला. त्याआधीच्या चौकटी ४:३च्या जवळपास, म्हणून पुढे कडेचं प्लास्टर फोडून त्या वाढवलेल्या दिसतात. हॉल अरुंद असेल तर रुंदी वाढवता येत नाही. तिथे सिनेमास्कोपला वरखाली काळे पडदे ओढून उंची कमी करत.

कोपरीकर:
एका ठिकाणी लॅम्पहाऊस अजून जागेवर आहे म्हणतात. उघडून बघू का?

कार्बन_आर्क:
कार्बनचं असेल तर मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करून खुशाल उघडा. झेनॉन असेल तर अजिबात नाही. तो दिवा थंड असतानाही आत गॅस दाबाखाली असतो, धक्का लागला तर काचा उडतात. जाड हातमोजे आणि तोंडावर पूर्ण शील्ड घालणारा जुना ऑपरेटर सोबत असेल तरच, आणि तेव्हाही हात त्यानेच लावायचा.