लाकडावर बांधलेल्या अनुबियासचे खोड का कुजत असावे?

प्रश्न (नाशिक)
नमस्कार. माझी माशांची टाकी दोन फूट लांब आणि रुंदी-उंचीला एकेक फूट आहे. दीड महिन्यापूर्वी तिच्यात ड्रिफ्टवुडचा (टाकीत सजावटीसाठी ठेवतात त्या लाकडाचा) ओंडका ठेवून त्यावर अनुबियास नाना आणि जावा फर्न या पाणवनस्पती नायलॉनच्या दोऱ्याने बांधल्या. रोपे हलू नयेत म्हणून अनुबियास ओंडक्याच्या खाचेत बसवून वरून खडी भरली होती. आता तिची पाने नुसता हात लागला तरी देठापासून सुटतात, खोड तपकिरी होऊन बोटाने दबते आणि त्याला कुजका वास येतो. फर्नच्या पानांखाली काळे ठिपके ओळीने उमटले आहेत. दोन्ही रोपांना एकच रोग झाला असेल का?

उत्तर
मला हा रोग वाटत नाही. बांधणी चुकली आहे. अनुबियास ही पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या ओढ्यांच्या काठी दगडांना आणि ओंडक्यांना धरून वाढणारी वनस्पती आहे, आणि तिचा जो जाड, आडवा भाग आपल्याला मुळासारखा दिसतो ते खरे तर खोड असते, ज्यातून वर पाने आणि खाली मुळे फुटतात. ते खाचेत दाबून वर खडी टाकली की भोवतालचे पाणी खेळते राहत नाही. आले ओल्या पिशवीत बांधून ठेवले की जसे आतून मऊ पडते, तसेच येथे झाले आहे. रोप बाहेर काढून धारदार पात्याने मऊ भाग कापत जा आणि काप घट्ट व स्वच्छ दिसेल तेथेच थांबा. तीन-चार पाने असलेला तुकडाही पुन्हा वाढतो. फर्नचे ठिपके मात्र बीजाणूंचे (बियांसारख्या सूक्ष्म कणांचे) असावेत, ती पाने कापू नका. जुन्या पानांवरच मुळांसकट बारीक पिल्ले येतात.

उत्तर
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. नायलॉन कुजत नसल्यामुळे तो वापरण्यास हरकत नाही, परंतु तो खोडात रुतता कामा नये. दोऱ्याखाली काडी सरकेल इतकी सैल बांधणी पुरते. सुती दोरा काही आठवड्यांत विरतो, म्हणून तो मॉस या गालिच्यासारख्या पसरणाऱ्या बारीक वनस्पतीसाठी चांगला, पण अनुबियासची मुळे लाकूड धरण्याआधीच तो तुटू शकतो. मी स्वतः सायनोॲक्रिलेटचा (म्हणजे सुपरग्लूचा) जेल गोंद वापरतो. पातळ गोंद ओघळून खोडावर पसरतो, जेल जागेवर राहतो. मुळे आणि लाकूड फडक्याने टिपून घ्यावे, फक्त मुळांच्या टोकांना थेंब लावावा आणि मिनिटभर दाबून धरावे. पाण्यात गेल्यावर गोंद पांढरा दिसतो, पण मुळे वाढली की तो झाकला जातो.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. खोड कापले, बोटभर लांबीच्या खोडातला जेमतेम दीड इंच भाग घट्ट निघाला, त्यावर चार पाने आहेत. तो आता ओंडक्याच्या उघड्या पाठीवर सैल बांधला आहे. मात्र लाकडावर पांढरट, बुळबुळीत थर आला असून पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. हेही कुजण्याचेच लक्षण आहे का?

उत्तर
नाही. तो थर नव्या लाकडातून सुटणाऱ्या द्रव्यांवर वाढणाऱ्या बुरशीचा आणि जिवाणूंचा असतो व सहसा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. तोवर जुन्या टूथब्रशने घासून काढावा. रंग लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे येतो, माशांना त्याचा अपाय नाही, आणि पाणी बदलत गेलात की तो उतरेल. माझी चिंता दिव्याची आहे, कारण अनुबियासची पाने इतकी सावकाश वाढतात की प्रखर उजेडात त्यांच्यावर आधी शेवाळच चढते. दिवा सहा-सात तासच लावा आणि तो तुकडा ओंडक्याच्या सावलीच्या बाजूला हलवा. एकदा कापलेले खोड पंधरा दिवस तरी उचलून पाहू नका. नवी मुळे फार नाजूक असतात आणि प्रत्येक वेळी उचलताना तुटतात.