अनुभव धागा: नुकतं काय वाचलंत, आणि ते पटलं का?

दापोली (सुरुवात माझ्यापासून)

पावसाळ्यात आमच्याकडे वाचणाऱ्यांना उसंत मिळते. 1 जूनला मासेमारी बंद होते, आंबा आटोपलेला असतो, लावणी उरकली की दुपार मोकळी. म्हणून विचारतेय, गेल्या काही महिन्यांत काय वाचलंत? गोष्ट सांगत बसू नका, ती ज्याची त्याला वाचू दे. तुमच्या कामातून, तुमच्या घरातून पाहताना पुस्तक खरं वाटलं का, ते लिहा. अर्धवट टाकलेलंही चालेल, पण का टाकलंत ते हवं.

मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली. 1895 मध्ये नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाला आणि ही बाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिली. पुढे ती त्याच्याकडे परतली आणि मनातलं सोवळंओवळं हळूहळू गळत गेलं. हे सांगताना कुठे रडगाणं नाही, आगपाखड नाही. या वेळी मात्र एक गोष्ट टोचली. टिळकांचा लहरीपणा त्या इतक्या मायेने सांगतात की आपण हसून पुढे जातो. पण घरात चणचण असताना हातचं दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, तो हिशेब त्या मांडत नाहीत. तो वाचताना आपणच मांडायला हवा. मी मांडला, आणि बाईंबद्दलचा आदर दुप्पट झाला.

हर्णै, मासेमारी

मुलीने वाचनालयातून 'एका कोळियाने' आणलं. हेमिंग्वेची कादंबरी, पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेली. म्हाताऱ्याला 84 दिवस मासा मिळालेला नाही, इथेच मी पुस्तक घट्ट धरलं. रिकामी होडी घेऊन परतलात की बंदरावरची माणसं तुमच्याशी कशी बोलतात, हे लिहिणाऱ्याने नक्की पाहिलेलं आहे. दोरी तळव्यातून सरकते तेव्हा हात कापतो. डावा हात आखडतो, तर तो सुटावा म्हणून म्हातारा कच्चा मासा खातो. मासा गळाला असतानाच त्याचं वजन किती भरेल, भाव काय येईल, हेही तो मनात मोजतो. हे सगळं आमच्यातलं आहे.

एकट्याने तेवढं लांब जाणं मात्र मला पटत नाही. आमच्याकडे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, असतो, खलाशी असतात, समुद्रात माणूस माणसाच्या भरवशावर जातो. पण आपल्या हाताखाली शिकलेला पोरगा बरोबर हवा होता असं म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणतो, म्हणजे लेखकालाही ते ठाऊक होतं. मुशींनी, म्हणजे शार्कनी, मासा तोडायला सुरुवात केली तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात गेलो. संध्याकाळच्या लिलावात माल पडत्या भावाने गेला तरी जीव तुटतो. त्याचा तर काट्यापर्यंत गेला.

देवगड, हापूसची बाग

मासानोबू फुकुओकांचं 'एका काडातून क्रांती' वाचलं. यावर मला बरंच बोलायचं आहे, कारण हे पुस्तक सध्या बागायतदारांमध्ये हातोहात फिरतंय आणि बरेच जण त्यातली चारच वाक्यं घेऊन भांडतात: नांगरट नको, खत नको, खुरपणी नको, औषध नको.

हा माणूस वनस्पतिरोगांचा अभ्यासक होता. नोकरी सोडून जपानच्या शिकोकू बेटावर वडिलांच्या शेतावर परतला. तिथे त्याने संत्र्यांची छाटणी एकदम थांबवली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि झाडं मेली. हे तो स्वतः लिहितो, आणि सांगतो की माणसाने एकदा वळण लावलेलं झाड एकाएकी वाऱ्यावर सोडणं म्हणजे निसर्गशेती नव्हे. माझ्या मते पुस्तकातलं सर्वांत मोलाचं पान हे. आमची कलमंही माणसाने घडवलेली आहेत. मोहोरावर तुडतुडे उतरलेले दिसत असताना 'काहीच करू नका' असं ज्याला वाटतं, त्याने ते पान परत वाचावं.

भातशेतीचा भाग जसाच्या तसा इथे लागू होत नाही. तो मातीच्या गोळ्यांतून बी फेकतो. आमच्या उतारावर मृगाचा एक तडाखा आला की ते बी व्हाळात, म्हणजे ओढ्यात. पण काड शेतालाच परत द्यायचं, हे शंभर टक्के पटलं. भाताच्या रोपांची जागा भाजायला, म्हणजे राबाला, आपण गवत, पालापाचोळा, शेण सगळं जाळतो. खाली जांभा, वर वीतभर माती, आणि त्या मातीचंच खाणं आपण पेटवून देतो! मी काही कलमांच्या आळ्यांत पाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं. मे महिन्यात हात घातला तर खाली ओल होती. फवारणी मी बंद केलेली नाही आणि या पुस्तकाच्या जोरावर करणारही नाही. तरी पुस्तक विकत घेऊन ठेवलंय.

शिरोडे

खांडेकर 1920 ते 1938 आमच्या गावच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे त्यांच्याविषयी उणं बोलणं इथे जड जातं. तरीही सांगते, 'ययाति' या वेळी पुरी झाली नाही. जो तो भाषण करतो. शर्मिष्ठेची पानं मात्र खरी आहेत, ती मी परत वाचली.

चिपळूण, परिचारिका

22 जुलै 2021 च्या पुरात घरातली पुस्तकं गेली. नंतर पहिलं विकत घेतलं ते दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. 1956 चं पुस्तक, मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेलं. रात्रपाळीहून आल्यावर चालू महिन्याचा लेख वाचायचा, एवढंच ठरवलं. आषाढाचा लेख मी बरेच दिवस उघडला नव्हता, पाऊस सुंदर आहे हे कुणाकडून ऐकायची तयारी नव्हती. वाचल्यावर कळलं की बाई पावसाचं कौतुक करत बसत नाहीत, पानाचा रंग, ढगाची जात बघत राहतात. त्यामुळे मलाही बघता आलं.

वेंगुर्ला

जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचं गाव आरवली इथून जवळच. आजी म्हणाली, "ह्या खरा आसा, आमच्यात असाच बोलतत." मला वाटतं, दळवींना नुसते विनोदी म्हणणाऱ्यांनी शेवटची पानं नीट वाचलेली नाहीत.

पेण

विष्णुभट गोडसे आमच्याच तालुक्यातल्या वरसईचे. कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापलं गेलं. झाशीच्या वेढ्याचं वर्णन सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त भिडला तो त्यांचा परतीचा प्रवास, कमाई लुटली गेल्यावरही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन केलेला. शूरपणाचा आव ते कुठेच आणत नाहीत. भीती वाटली तिथे वाटली म्हणतात, म्हणून बाकीच्यावरही विश्वास बसतो.

खालापूर

आमचं घराणं कोयनेच्या धरणात उठलेलं. कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचली, 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणात गाव गेलं, मागे राहिलेली म्हैस रानटी झाली, तिला आणायला माणूस परत जातो. आमच्या आजोबांनीही गुरं मागे सोडली होती. त्याबद्दल ते घरात कधीच बोलले नाहीत, विचारलं की उठून जायचे. कादंबरीची बोली कोल्हापूरकडची, आमच्याहून वेगळी, पहिली काही पानं अडखळलो. पुढे भाषेचं भान राहिलं नाही. विस्थापितांवर लिहिताना सरकारी कागद, मोबदला, मोर्चे यांवरच लेखणी चालते. जनावराचं काय झालं हे कुणी विचारत नाही, खोतांनी विचारलं.

त्यांची 'गावठाण' कुणाकडे असेल तर वाचायला हवी आहे. पेण किंवा पनवेलपर्यंत येऊन घेऊन जाईन, आणि वाचून परत करीन.