मेलला उत्तर देताना खालचं किती ठेवता? तुमचे अनुभव लिहा

आमच्या कॉलेजच्या बॅचचा ईमेल ग्रुप २००१ पासून चालू आहे, सांभाळतो मी. गेल्या महिन्यात गेट-टुगेदरच्या मेलमध्ये तीन प्रश्न होते, तारीख चालेल का, हॉल कुठला आणि जेवण बाहेरून मागवायचं का, त्यावर एकाचं उत्तर आलं "हो, चालेल" आणि खाली ११ मेलांची शेपटी, सगळ्यांच्या सह्या, फोन नंबर, ऑफिसचे ते लांबलचक डिस्क्लेमर तसेच. काय चालेल ते कळेना. आम्ही तिघांनी तीन अर्थ काढले आणि चुकीच्या हॉलला ॲडव्हान्स गेला. तेव्हा मागचं किती ठेवायचं, किती कापायचं, उत्तर वर लिहायचं की खाली, यावरून तुमच्याकडे काय घडलंय ते सांगा. नियम नकोत, घडलेलं लिहा.

ठाणेकर
१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी विद्यार्थ्यांचं शेल अकाउंट घेतलं. काळा पडदा, नुसता मजकूर, मोडेम चालू तोवर घरचा फोन एंगेज. अशात कोणी ४० ओळी कोट करून खाली "सहमत" एवढंच लिहिलं की ते वाचायला पानं सरकवत बसायचं. मीही तेच करायचो. एका वडीलधाऱ्या सदस्यांनी ग्रुपवर काही न बोलता मला वेगळा मेल केला, माझाच मेल कापून दाखवला, दोन ओळी माझ्या प्रश्नाच्या आणि खाली उत्तर, आणि सोबत आरएफसी १८५५, म्हणजे इंटरनेटवर कसं लिहावं-वागावं याचं टिपण, पाठवलं. ऑक्टोबर १९९५ चं आहे ते, त्यात सरळ लिहिलंय की आधीच्या मेलचा गोषवारा वर द्या किंवा संदर्भ लागेल इतकंच ठेवा, आणि सही शक्यतो ४ ओळींच्या वर नको. चारचौघांत न सांगता वेगळं सांगितलं हे मला जास्त लक्षात राहिलंय.

वरच्या मजल्यावरची
आमच्याकडे कापल्यामुळे झालं. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची चर्चा मेलवर चालायची. तळमजल्यावरच्या काकांनी लिहिलं होतं, "बिल्डरला आत्ताच संमती द्यावी असं माझं मत नाही." आता मेल प्रोग्रॅमने ओळ तोडली ती नेमकी "मत"पाशी, आणि "नाही" एकटं खालच्या ओळीत गेलं. उत्तर देणाऱ्याने पहिली ओळ ठेवली, खालची कापली, आणि लिहिलं की काका तयार आहेत तर बाकीच्यांनी का अडवायचं. पुढच्या सगळ्या मेलांत तेच अर्धं वाक्य कोट होत गेलं, मूळ मेल उघडून बघायचे कष्ट कोणीच घेतले नाहीत, मीसुद्धा नाही. काका जिन्यात भेटले तर लोक त्यांना बिल्डरचा माणूस समजून बोलायला लागले. दोन आठवड्यांनी त्यांनी मूळ मेल प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावला. इंग्रजीत नकार बहुतेक आधीच येऊन जातो, आपल्या मराठीत "नाही" शेवटी बसतं, म्हणून मराठी मेल कापताना पूर्णविराम येईपर्यंत थांबायलाच हवं. मी आता कापलं की तिथे [...] टाकते आणि "अमुक यांनी लिहिलं" ही वरची ओळ कधीच पुसत नाही, कारण दोघातिघांचं बोलणं एकत्र झालं की कोणाचं वाक्य कोणाच्या तोंडी जाईल याचा भरवसा नसतो.

कोथरूड
मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर मेल ऐकतो. कोट केलेल्या ओळीच्या सुरुवातीची > ही खूण तो बोलणार नाही असं सेटिंग करता येतं, पण मजकूर तर ऐकावाच लागतो ना. सगळ्यात त्रास होतो तो पूर्ण मेल कोट करून तळाशी एक ओळ लिहितात त्याचा, कारण उत्तर कधी सुरू होणार ते आधी कळत नाही. ठाणेकर म्हणतात तसं कापलेलं असेल तर खाली उत्तर मला उत्तम. कापणार नसाल तर कृपा करून वर लिहा.

कर्नलवाला
ओपन सोर्सच्या मेलिंग लिस्टवर पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला तेव्हा रिव्ह्यूला मी वर एक परिच्छेद लिहून उत्तर दिलं, लगेच सांगण्यात आलं की टॉप पोस्टिंग (मागच्या मजकुराच्या वर उत्तर) नको, साधा मजकूर, प्रत्येक मुद्द्याखाली त्याचं उत्तर. सवय लागली आणि मग लक्षात आलं की असं लिहिताना एकही मुद्दा टाळता येत नाही! पण तीच सवय ऑफिसात नेली आणि अडचण झाली. चौथ्या दिवशी सीसीत आलेल्या मॅडमनी विचारलं, मागचं सगळं कुठंय? त्यांच्याकडे आधीचे मेल नव्हतेच. म्हणून ऑफिसात शेपटी ठेवतो, लिस्टवर कापतो.

नाशिकची
शेपटी ठेवण्याबद्दल जरा जपून. आईच्या ऑपरेशनचा खर्च कोणी किती उचलायचा यावर आम्ही भावंडं मेलवर बोलत होतो, बरंच कडू बोलणं झालं होतं. त्याच मेलला रिप्लाय करून धाकट्याने वरती आईची तब्येत आता बरी आहे असं लिहिलं आणि कुलवृत्तान्ताच्या ग्रुपला पाठवून दिलं. जीमेल मागचा मजकूर तीन टिंबांमागे लपवतं, त्यामुळे त्याला तो दिसलाच नाही. बाकीच्यांनी टिंबं उघडली. मोठ्या वहिनी वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

रत्नागिरी
माझं थोडं वेगळं आहे, पण लिहिते. बाबा पक्षीनिरीक्षणाच्या एका याहू ग्रुपवर होते, खाडीवर काय काय दिसलं ते दर रविवारी लिहायचे. ते गेले, नंतर त्यांचं अकाउंट उघडता आलं नाही, मग याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर काढला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद झाली. एका काकांनी त्यांच्या इनबॉक्समध्ये शोधून मला १७ मेल पाठवले. बाबांचा मूळ मेल एकही नाही, लोकांच्या उत्तरांखाली जे राहिलं तेवढंच. कोणी नीट कापलेलं, तिथे बाबांची एकच ओळ. कोणी काहीच कापलेलं नव्हतं, तिथे खंड्याचं, ओहोटीचं, परतताना प्यायलेल्या चहाचं सगळं सापडलं. प्रत्येक ओळीआधी दोन-दोन खुणा आहेत. फाइल केली तेव्हा त्या मी काढल्या नाहीत.