कामगंध सापळ्यांच्या पतंगमोजणीसाठी अ‍ॅडमिन डॅशबोर्डात कोणते बदल करावेत?

घाटंजीची पऱ्हाटी (प्रश्न)

नमस्कार. घाटंजी तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संगणकाचे काम मी पाहते. खरीप हंगामात आमचे गावोगावचे कार्यकर्ते कपाशीतील कामगंध सापळ्यांचे (मादीच्या कृत्रिम गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांचे) फोटो मोबाइलवरून पाठवतात आणि मशीन लर्निंगचे मॉडेल त्या फोटोंतील गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मोजते. एका सापळ्यात सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग सापडले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे आपण धरतो. म्हणून मोजणी कमी झाली तर फवारणीला उशीर होतो, आणि जास्त झाली तर शेतकऱ्याला नको असलेली फवारणी करावी लागते. 2017 साली बोंडअळीने आणि फवारणीतून झालेल्या विषबाधेनेही आमच्या जिल्ह्याने जे सोसले ते पाहिल्यामुळे या दोन्ही चुकांची मला सारखीच धास्ती वाटते.

सगळी व्यवस्था जँगोवर (वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअर-चौकटीवर) उभी आहे आणि त्यासोबत आयते मिळणारे, नोंदी पाहण्या-बदलण्याचे अ‍ॅडमिन आम्ही जसेच्या तसे वापरतो. मात्र मोबाइलच्या नेटवर फोटोंची यादी उघडायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि सगळे इंग्रजीत असल्यामुळे गावपातळीवरील समन्वयक ते उघडायलाच कचरतात. पहाटे पाठवलेले काही फोटो आदल्या दिवसाच्या यादीत दिसतात, त्याचे कारण मला उमगलेले नाही. सर्वांत वाईट प्रसंग गेल्या दसऱ्याच्या सुमारास घडला. एका सहकाऱ्याने मॉडेलची जुनी आवृत्ती निरुपयोगी समजून काढून टाकली आणि त्या आवृत्तीने केलेली सगळी मोजणी तिच्यासोबत पुसली गेली. आदल्या रात्रीचा बॅकअप असल्यामुळे बहुतेक माहिती परत मिळाली, तरी त्या दिवसाचे काम गेले ते गेलेच.

आता हाच डॅशबोर्ड बदलून घ्यावा, की नवा बनवून घ्यावा? पैसा आणि वेळ दोन्ही मोजकेच आहेत.

वर्धेकर

ताई, नवा डॅशबोर्ड बनवू नका. जँगोचे अ‍ॅडमिन हे संस्थेच्या अंतर्गत कामकाजासाठीच आहे, आणि तुमचे वापरकर्ते तुमचेच कार्यकर्ते व समन्वयक आहेत. उद्या शेतकऱ्यांना स्वतः लॉगिन करून आकडे पाहू द्यायचे ठरले, तर मात्र त्यासाठी वेगळे पान लागेल. अ‍ॅडमिनचे दार त्यांच्यासाठी उघडू नये.

दसऱ्याच्या प्रसंगाबद्दल आधी लिहितो, कारण तो पुन्हा घडू शकतो. मोजणीच्या तक्त्यातून मॉडेल-आवृत्तीच्या तक्त्याकडे जो दुवा दिलेला आहे, त्याचा ऑन-डिलीट पर्याय कॅस्केड ठेवलेला असणार. याचा अर्थ मूळ नोंद काढली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या नोंदी काढल्या जातात. तो पर्याय प्रोटेक्ट करा. मग एकही मोजणी जिच्या नावावर आहे ती आवृत्ती काढताच येणार नाही. काढण्यापूर्वी अ‍ॅडमिन सोबत जाणाऱ्या नोंदींची यादी दाखवते हे खरे, पण इंग्रजीतील ती लांबलचक यादी घाईत कोण वाचतो? म्हणून त्या सहकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. आवृत्ती निवृत्त करण्यासाठी "वापरात आहे" असा एक रकाना ठेवा आणि काढण्याचा अधिकार तुमच्याखेरीज कोणालाही देऊ नका. यादीच्या वर "निवडलेले काढून टाका" ही कृती आपोआप असते. काढण्याचा अधिकार नसलेल्याला ती दिसत नाही.

कोणती आवृत्ती चालू ठेवायची हे ठरवणारी कृती तुम्ही स्वतः लिहिणार असाल, तर तिला वेगळा अधिकार जोडा आणि मध्ये खात्री करून घेणारे मराठी पान ठेवा. अ‍ॅडमिनमधील फॉर्म भरून केलेले बदल इतिहासात आपोआप नोंदले जातात, स्वतः लिहिलेल्या कृतीतून केलेले बदल मात्र नोंदले जात नाहीत. त्यांची नोंद आपण लिहावी लागते, नाहीतर आवृत्ती कोणी आणि कधी बदलली हे महिन्याभराने कोणालाच सांगता येणार नाही.

पहाटेच्या फोटोंचे कारण बहुधा टाइम झोन आहे. नवा जँगो प्रकल्प सुरू केला की त्यात यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ ठरलेली असते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे कार्यकर्त्याने 5 वाजून 10 मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात काढलेला फोटो यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीच्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांचा ठरतो, तर पावणेसहाचा फोटो योग्य तारखेला पडतो. सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता लिहा. मूळ वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीतच साठवली जाते, म्हणून जुन्या नोंदी त्यामुळे बिघडणार नाहीत. मात्र नुसती तारीख वेगळ्या रकान्यात साठवली असेल, तर ती एकदा नव्याने काढून घ्यावी लागेल. सलग 3 रात्रींचा हिशेब या तारखेवरच उभा आहे, म्हणून हे काम हंगामापूर्वीच उरका.

अकोटचा कापूस

वेगाबद्दल थोडे लिहितो. अ‍ॅडमिनची यादी एका पानावर 100 नोंदी दाखवते. प्रत्येक नोंदीसोबत तुम्ही मूळ फोटोच दाखवत असाल, तर एक पान उघडताना मोबाइलवरचे 100 पूर्ण फोटो उतरतात आणि तालुक्याच्या नेटला ते झेपत नाही. फोटो सर्व्हरवर येताच त्याची सुमारे 300 पिक्सेल रुंदीची लहान प्रत तयार करून ठेवा, यादीत तीच दाखवा आणि तिच्यावर बोट ठेवले की मूळ फोटो उघडू द्या. पानावर 25 नोंदी पुरेत.

दुसरे कारण डेटाबेसमध्ये असते. यादीत गावाचे नाव, सापळ्याचा क्रमांक आणि मॉडेलची आवृत्ती हे रकाने दुसऱ्या तक्त्यांतून येत असतील, तर प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला वेगळे प्रश्न जाऊ शकतात. लिस्ट सिलेक्ट रिलेटेड या पर्यायात ते दुवे लिहिले की सगळी माहिती एकाच प्रश्नात येते. नोंदी फार वाढल्या असतील तर एकूण संख्या मोजण्याचा पर्यायही बंद करा. शोध घेताना किंवा गाळणी लावताना संपूर्ण तक्ता मोजण्याचा वेळ त्यामुळे वाचतो.

मोर्शीहून

मी कृषी विस्ताराच्या कामातून या क्षेत्रात आले, त्यामुळे माझा भर डॅशबोर्डावर काय दिसावे यावर आहे. अ‍ॅडमिनचे पहिले पान म्हणजे तक्त्यांच्या नावांची यादी असते आणि समन्वयकाला सकाळी तिचा काहीही उपयोग नसतो. त्या पानाचे टेम्प्लेट बदलता येते. तिथे त्याच्या गावांतील सापळे आणि प्रत्येक सापळ्याच्या गेल्या 3 रात्रींचे आकडे दाखवा, आणि पातळी गाठलेले सापळे सर्वांत वर येऊ द्या.

त्याच्या खाली माणसाने तपासायच्या फोटोंची यादी असावी. मॉडेलची सरासरी चूक सांगणारा एकच आकडा पाहून समाधान मानू नका. मॉडेलने 30 ऐवजी 27 पतंग मोजले तर निर्णय बदलत नाही, पण 8 ऐवजी 6 मोजले तर बदलतो. म्हणून मॉडेलचा आकडा 5 ते 11 यांच्या दरम्यान आला, की तो फोटो माणसाकडे जावा असे मी सुचवते. समन्वयक फोटो उघडून स्वतःचा आकडा लिहील, आणि तो मॉडेलच्या आकड्यावर न चढवता वेगळ्या रकान्यात साठवावा. पुढे मॉडेलला नव्याने शिकवताना या दुरुस्त्या फार मोलाच्या ठरतात. मात्र फक्त या पट्ट्यातीलच फोटो तपासले, तर मॉडेलने 2 सांगितलेल्या सापळ्यात खरोखर 9 पतंग असल्याचे कधीच कळणार नाही. त्यासाठी दर आठवड्याला प्रत्येक गावाचे थोडे फोटो चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून तपासावेत.

हाच नमुना मॉडेल बिघडत असल्याची पहिली खूण देतो. पावसाळा सरताना सापळ्याच्या पिशवीवर धूळ बसते, पतंगांचे पंख झडतात, इतर किडे अडकतात, आणि मॉडेलने शिकताना असे फोटो पाहिलेले नसतील तर त्याची मोजणी घसरते. माणसाच्या आणि मॉडेलच्या आकड्यांतील गाववार फरक दिसला की चूक एखाद्या कार्यकर्त्याच्या कॅमेऱ्याची आहे की मॉडेलची, हे लवकर कळते. डोमकळी (बोंडअळीमुळे न उमललेले, गुलाबकळीसारखे फूल) दिसली का, याची नोंदही त्याच ओळीत ठेवा. सापळा शांत आणि शेतात डोमकळ्या, असे आढळले तर ल्युर (सापळ्यातील गंधाची गोळी) बदलायचे राहिले आहे का ते आधी पाहावे.

मराठीकरण वाटते तितके अवघड नाही. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहेच, आणि तुमच्या तक्त्यांना व रकान्यांना तुम्हीच मराठी नावे द्यायची आहेत. ती देताना शब्दकोश उघडून बसू नका. समन्वयक बोलताना जे शब्द वापरतात तेच लिहा. "कॉन्फिडन्स स्कोअर" (मॉडेलला स्वतःच्या मोजणीची किती खात्री आहे तो आकडा) याला "विश्वासांक" म्हटल्याने कोणाला काही कळत नाही. आम्ही तो आकडा काढून टाकला आणि त्या जागी "खात्रीची मोजणी" व "तपासून घ्या" असे दोनच शेरे ठेवले.

घाटंजीची पऱ्हाटी

सर्वांचे मनापासून आभार. टाइम झोन हेच कारण निघाले, आणि तारखेचा वेगळा रकानाही आमच्याकडे होता. तो नव्याने भरून घेतला. दुव्याचा पर्याय प्रोटेक्ट केला आणि एक जुनी आवृत्ती मुद्दाम काढून पाहिली, तेव्हा अ‍ॅडमिनने ती काढू दिली नाही. लहान प्रती केल्यावर फोटोंची यादी माझ्या मोबाइलवर काही सेकंदांत उघडली.

3 रात्रींचा फलक बनवताना मात्र एक नवी अडचण आली. ज्या गावात रेंज नसते तिथले फोटो दुसऱ्या दिवशी, कधी आठवडी बाजाराच्या दिवशीच येतात. मी फोटो काढल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ वेगवेगळी ठेवली, पण फोटो न आलेल्या रात्रीचा रकाना आमच्या फलकावर 0 दाखवत होता. मारेगाव रस्त्यावरच्या एका सापळ्यात 9, 0, 11 असे आकडे दिसत होते आणि मधला फोटो दोन दिवसांनी आला तेव्हा त्यात 10 पतंग निघाले. अशा रकान्यात काय दाखवावे?

मोर्शीहून

ताई, तिथे आकडा ठेवूच नका. "फोटो नाही" असे लिहा, डेटाबेसमध्येही 0 न भरता रकाना रिकामा ठेवा, आणि दोन रात्री पातळीवर असून तिसरीचा फोटो आलेला नाही असा सापळा पातळी गाठलेल्यांच्या लगेच खाली दाखवून त्याच्यासमोर कार्यकर्त्याचा फोन नंबर द्या. समन्वयकाने त्याच सकाळी फोन करून पतंग किती होते ते विचारावे आणि तो आकडा "फोनवरून" असा शेरा मारून भरावा. फोटो नंतर आला की मॉडेलची मोजणी तिच्या स्वतःच्या रकान्यात बसेल.